प्रश्नाची भुवई

बोर

माझ्या कानाजवळची गाठ माझ्या आधी अश्विनीनं पाहिली. अश्विनी तेव्हा पाच वर्षांची, आमच्या शिशुवर्गातली सगळ्यात भोचक पोरगी. मी सोलापुरात कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवते. शिकवायचे, असं लिहायला हवं, पण ते अजून लिहवत नाही. त्या दिवशी मी खाली बसून एका मुलाचं श्रवणयंत्र नीट बसवत होते. ही मागून आली, माझ्या उजव्या कानाच्या पुढं बोट दाबलं आणि खूण केली: बोर. मग हात पुढं केला. बाईंनी गालात बोर लपवलंय आणि आपल्याला देत नाहीत, असा तिचा ठाम समज झाला होता. मी तोंड उघडून दाखवलं तरी तिला पटलं नाही. दिवसभर ती माझ्याकडं चोराकडं बघावं तशी बघत राहिली.

घरी येऊन आरशात पाहिलं. खरंच बोराएवढी गाठ होती. दुखत नव्हती. सुई घालून तपासणी झाली, मग स्कॅन झाला, आणि आम्ही दोघं, मी आणि माझे यजमान, निकाल ऐकायला डॉक्टरांसमोर बसलो. ह्यांचं यंत्रमागाच्या सुट्या भागांचं दुकान आहे. दवाखान्यातसुद्धा हातात गिऱ्हाइकाचा कसल्याशा दातेरी चाकाचा तुकडा होता, तो ते फिरवत होते.

"मॅडम, गाठ लाळेच्या ग्रंथीत आहे. कॅन्सरची आहे. काढावी लागेल," डॉक्टर म्हणाले.

"जिवाला धोका?" ह्यांनी विचारलं.

"वेळेत आलाय तुम्ही. पण चेहरा हलवणारी नस बरोबर या गाठीच्या पोटातून गेलीय. ती ठेवून गाठ काढता येणार नाही. उजवी बाजू जाईल."

"जाईल म्हणजे?"

"हलणार नाही. डोळा मिटणार नाही, ओठ ओढला जाणार नाही, भुवई उचलणार नाही."

ह्यांनी श्वास सोडला. जीव वाचतोय ना, मग बाकीचं बघू, असा तो श्वास होता, आणि त्यांचं काही चुकलं नाही. पण मी त्या खुर्चीत बसल्या बसल्या बेकार झाले होते, आणि ते त्या खोलीत मला एकटीलाच कळलं होतं.

तोंडाचं काम

सगळ्यांना वाटलं बाईला रूपाची काळजी लागलीय. रूप माझं आधीच बेताचं. लग्नाच्या वेळी सासूबाईंनी "मुलगी कामाची आहे" असं सांगून पाहुण्यांची समजूत घातली होती. मला काळजी होती ती कामाचीच.

खुणांची भाषा म्हणजे हातवारे, असं लोक समजतात. निम्मं काम हातांचं असतं, निम्मं तोंडाचं. आपण मराठीत "जेवलीस" म्हणतो आणि "जेवलीस?" म्हणतो. शब्द तोच, शेवटी आवाज तेवढा चढतो आणि त्याचा प्रश्न होतो. आमच्या मुलांना आवाज नाही. त्यांच्याकडं चढतात त्या भुवया. हात तेच, भुवया वर गेल्या की प्रश्न, नाही गेल्या की ते झालं, घडलं, ठरलं. यावर मी वीस-बावीस वर्षं पोटापाण्याचं काम केलं आणि भुवईला एकदाही धन्यवाद दिले नाहीत.

माझा वर्ग सगळ्यात लहानांचा. या मुलांकडं शाळेत येईपर्यंत कुठलीच भाषा नसते. अश्विनीचंच बघा. तिचे आईवडील शहराच्या पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत राहतात. वडील मागावर, आई विड्या वळते. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, बाजूच्या बोळात उर्दू, आणि हिच्या कानात त्यातलं काहीच शिरत नाही. आपल्याला नाव आहे, हेसुद्धा ती माझ्या वर्गात येऊन शिकली. अशी मुलं बाईंच्या हातांकडं कमी आणि तोंडाकडं जास्त बघतात. बाईंचं तोंड हेच त्यांचं पहिलं पुस्तक.

हे मी ऑपरेशनच्या आधी सगळ्यांना सांगून बघितलं. सगळ्यांनी मान डोलावली. "आधी बरी हो, मग बघू," एवढंच सगळे म्हणाले.

सोनं

ऑपरेशन सोलापुरातच झालं. शुद्धीवर आले तेव्हा आई समोर होती. आई मोहोळकडच्या खेड्यात राहते, शेतावरून थेट आलेली, नऊवारीचा ओचा तसाच खोचलेला. मी तिच्याकडं बघून हसले. म्हणजे मला वाटलं मी हसले. आईनं पदर तोंडात कोंबला आणि ती बाहेर निघून गेली.

पुढचे दिवस डोळ्याचे होते. उजवा डोळा मिटत नव्हता, झोपेतसुद्धा उघडा. थेंब घालायचे, मलम लावायचं, पापणी बोटानं खाली ओढायची आणि वरून चिकटपट्टी. हे सगळं आईनं केलं. माझ्या लहानपणी तिनं मला कधी थोपटून निजवल्याचं मला आठवत नाही, तिला वेळच नसायचा. आता ती रोज माझी पापणी खाली ओढून, पट्टी लावून, "नीज आता" म्हणायची. त्या दिवसांतलं एवढंच एक मला गोड वाटलेलं आहे, म्हणून लिहून ठेवते.

नंतर पापणी आपल्या वजनानं मिटावी म्हणून डॉक्टरांनी तिच्यात सोन्याचा इवलासा तुकडा बसवला. आईला ते काही केल्या झेपेना.

"गळ्यात न्हाय, कानात न्हाय, आन् डोळ्यात सोनं? कुणाला दिसनार हाय गं ते?"

"दिसू नये म्हणूनच आहे ते."

"मग घालायचं कशाला," आई म्हणाली आणि पुन्हा थेंबांची बाटली शोधू लागली.

शेक सुरू झाले, म्हणजे रेडिएशन. तोंड आतून सोलवटलं. चव गेली. लाळ आटली. पाण्याचा घोट घेतला की उजव्या ओठातून तो गळ्यावर यायचा, म्हणून मी गळ्यात लहान पोरासारखा रुमाल बांधून बसायचे. कुणी भेटायला आलं की दार लावून घ्यायचे. रोज उठायचं कशाला, हा प्रश्न मला तेव्हा पडायचा, अजूनही पडतो. ज्यांना हे वाचून उमेद यावी असं वाटत असेल त्यांची मी क्षमा मागते. माझी गाठ गेली, तपासण्या आजपर्यंत चांगल्या आल्या, आणि तरीही मी बरी झाले असं मला वाटत नाही. असंही होऊ शकतं, हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

"रागावलीस का?"

घरात बारीक बारीक बदल झाले. हे माझ्या डाव्या बाजूला बसू लागले. जेवताना, रिक्षात, टीव्हीसमोर, कुठंही. मला ते दिसत होतं, आणि मला ते दिसतंय हे त्यांना दिसत होतं. काही बोललं की माझ्या तोंडाकडं बघून विचारायचे, "रागावलीस का?"

"नाही."

"मग अशी का बघतेस?"

"अशीच दिसते आता मी."

दिवसातून पाच-सहा वेळा हा प्रश्न ऐकला की माणूस खरंच रागावतं. एकदा मी ताट सरकवून उठले. त्यांनी ताट परत माझ्या जागी सरकवलं. म्हणाले, "दुकानात दिवसभर माणसांची तोंडं वाचून धंदा करतो मी. घरी आलो की बायकोचं तोंड वाचता येत नाही. काय करू?" त्यांच्यावर चिडायचंही मला जमलं नाही त्या दिवशी.

दप्तरं

शेक संपून अंगात थोडी ताकद आल्यावर मी शाळेत परत गेले. आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, दारापर्यंत घ्यायला आल्या. मुलं आली, चिकटली, गाल चाचपून बघितला. अश्विनीनं बोर गेल्याची खात्री करून घेतली. त्या वर्षी पाच-सहा नवी मुलं आली होती, ती लांबून बघत राहिली.

पहिल्याच आठवड्यात गंमत झाली. एक पोरगं पेंगत होतं, म्हणून मी त्याला विचारलं, घरी जायचंय? त्यानं दप्तर उचललं. शेजारच्यानं बघितलं, त्यानंही उचललं. बघता बघता सगळा वर्ग दप्तरं पाठीला लावून दारात रांगेत उभा. मी प्रश्न विचारला होता, त्यांनी तो हुकूम म्हणून वाचला होता. बाईंच्या भुवया चढल्याच नव्हत्या. मोठ्या बाईंना सांगताना मी हसता हसता रडले, अर्ध्या तोंडानं.

डावी भुवई होती की, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं. पण एकच भुवई चढवली की आमच्या वर्गात त्याचा अर्थ वेगळा होत होता: "खोटं बोलतोस ना?" ती मीच शिकवलेली होती, चोरी पकडायची भुवई. आता दूध प्यायलास का विचारलं तरी जुनी पोरं रडवेली होऊन रिकामा पेला दाखवायची. मग मी बोटानं हवेत प्रश्नचिन्ह काढू लागले. मोठ्यांच्या वर्गात ते चाललं असतं, त्यांना लिहिता येतं. माझ्या वर्गात प्रश्नचिन्ह म्हणजे बाई हवेत आकडा काढतात.

प, ब, म शिकवायचे म्हणजे ओठ मिटून सोडायचे. तोंडासमोर कागदाची पट्टी धरायची. "प" म्हटलं की ती फडफडते. माझा "प" उजवीकडून गळून जायचा आणि पट्टी ढिम्म हलायची नाही. मुलं पट्टीकडं बघायची, मग माझ्याकडं, आणि मग तीही ओठ अर्धेच मिटून बघायची.

तरी मी रेटत होते. अश्विनीचं झालं तेव्हा थांबले.

तिला रोज आई सोडायला यायची. त्या दिवशी शेजारची रिक्षा सोडून गेली. मी सहज विचारलं, आई आली नाही? आजारी आहे? अश्विनीच्या समोर काय होतं ते आता मला कळतं. भुवई नाही (जुन्या मुलांसमोर मी आता डावीही चढवत नव्हते), ओठाचा कोपरा खाली लोंबलेला, एक डोळा पाण्यानं भरलेला. तो डोळा दिवसभरच गळायचा. तिनं वाचलं: आई आली नाही. आई आजारी आहे. आणि बाई रडतायत.

तिनं डबा उघडला नाही. खेळायला गेली नाही. मी जवळ घेतलं तर अंग आकसून बसली. मला वाटलं ताप येतोय. शाळा सुटताना आई आली, तर ही धावत गेली आणि आईला दोन्ही मुठींनी मारत सुटली.

त्यानंतर तिनं शाळेत यायचंच सोडलं. आईच भेटायला आली, विडीच्या पानांचा वास येत होता पदराला. तिचं मराठी तेलुगूतून येतं, सावकाश.

"बाई, तुमी काय सांगितलं ओ पोरीला? मी विड्या वळते तर समोर बसून बघते. संडासला गेले तर दारात. रात्री उठून माझ्या नाकाला हात लावते, श्वास आहे का बघते. शाळेचं नाव काढलं की आंगावर येते."

"मी काही सांगितलं नाही हो. मी विचारलं फक्त."

"विचारलं?"

"आई आजारी आहे का, असं विचारलं."

तिनं माझ्याकडं नीट बघितलं, पहिल्यांदाच. मग नजर खाली घेतली. "असू द्या ओ बाई," एवढंच म्हणाली. मी दुसऱ्या दिवशी रजेचा अर्ज दिला. माझ्या जागी मानसी नावाची तरुण शिक्षिका आली, आणि काही आठवड्यांनी अश्विनी परत शाळेत जाऊ लागल्याचं कळलं.

सगळे हसू मागतात

चेहऱ्याची प्लास्टिक सर्जरी करणारे एक डॉक्टर पुण्याहून सोलापुरात तपासायला येतात, त्यांच्याकडं आम्ही गेलो. माणूस चांगला. बोलताना माझ्या दोन्ही डोळ्यांकडं बघत होता.

"तुमचा यजमानांवर राग नको," ते म्हणाले. "यावर बराच अभ्यास झालाय. अशा चेहऱ्यांचे फोटो अनोळखी लोकांना दाखवले तर त्यांना हे माणूस रागावलंय, दुःखी आहे, असंच वाटतं. समोरचा मुद्दाम करत नाही. डोळा तसंच वाचतो."

"मग पाच वर्षांच्या पोरांनी काय करायचं?"

त्यांनी माझी फाइल मिटली. मग म्हणाले, "तुम्हाला नेमकं काय परत हवंय?"

"भुवई."

ते हसले, कुचेष्टेनं नाही, नवल वाटून. "सगळे हसू मागतात. हसू मी देऊ शकतो. मांडीतला एक बारीक स्नायू काढून गालात बसवायचा आणि चावायच्या नसेला जोडायचा. दात आवळले की ओठाचा कोपरा वर जातो."

"आणि भुवई?"

"वर उचलून टाके घालून देता येते. पण ती तिथंच राहील."

"म्हणजे दिवसभर मी विचारतच राहणार."

"हो," ते म्हणाले. "खरं सांगू का, मी वाचतो त्यात बहुतेक सगळी मोजमापं हसण्याची आणि डोळा मिटण्याची आहेत. हलती भुवई परत आणायचं खात्रीचं काम आज माझ्याकडं नाही. तुमच्यासारखं कुणी मागायलाच आलं नव्हतं."

घरी येताना मी म्हटलं, मला नको हे ऑपरेशन, उपयोग काय. हे म्हणाले, "तुला भुवई हवी. मला तू हसलेली बघायची आहे. माझं काहीच नाही का त्या तोंडात?" माझ्याही मनात एक वेडी आशा होतीच, की बाई हसऱ्या दिसल्या तर मुलं निदान घाबरणार नाहीत, मग प्रश्नांचं बघता येईल. मी हो म्हटलं.

मांडी आणि गाल

पुण्यात ऑपरेशन झालं. तिथली नर्स वरचेवर एक लहानसं यंत्र गालावर टेकवून आतलं रक्त वाहतंय का ते ऐकायची. ढुस, ढुस, ढुस. तो आवाज आला की ती पुढच्या खाटेकडं जायची, आणि मी पुढच्या फेरीची धास्ती धरून पडायचे. तोंड उघडायचं नाही, कुशीवर वळायचं नाही, नळीतून पातळ पेज. चालताना मांडी ओढायची. आई भेटायला आली, सगळं ऐकून घेतलं आणि गंभीरपणे म्हणाली, "मांडीचं गालात घातलं व्हय? मग चालताना गाल हलंल की गं."

हसू दाबताना माझे टाके दुखले. आईच्या तोंडावर मात्र हसू नव्हतं, ती खरंच विचारत होती.

महिने गेले. गाल सुजलेला, जड, मेलेला. रोज आरशासमोर बसून दात आवळायचे, काही नाही. मग एका दुपारी आईनं केलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी खायला बसले. बऱ्याच दिवसांनी चावायला जमत होतं. कडक भाकरी म्हणजे दातांची परीक्षाच. आई समोर बसली होती, तिचा हात ताटातच थांबला.

"आगं, हसली! तू हसली गं!"

"कुठं?"

"हितं! परत चाव. चाव की!"

मी चावलं. उजवा कोपरा टिचभर वर गेला. आई रडायला लागली, मला भाकरीचे तुकडे भरवत सुटली, एक झाला की दुसरा, आणि प्रत्येक घासाला माझं तोंड हसत होतं. हे दुकानातून आले, त्यांनाही खाऊन दाखवलं. त्या दिवशी घरात सण होता.

व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, रोज सराव करा: आधी दात आवळा, मग हसा. रागानं दातओठ खायचे म्हणतो ना आपण, तसेच खायचे आणि त्याचं हसू करायचं. काही जणांचा मेंदू हळूहळू शिकतो, मग न चावताही हसता येतं. माझा अजून शिकलेला नाही.

थोड्या दिवसांनी आईचा भाऊ, माझा मामा गेला. मोहोळला गेलो. अंत्यविधीनंतर शेजाऱ्यांनी कडू घास आणला, पिठलं-भाकरी. मामी काही खाईना, म्हणून मीच घास घेतला, की मला बघून तिनंही घ्यावा. मी चावले. मग कुणीतरी मागून म्हणालं, "हिला हसू येतंय बघा." आई उठून उभी राहिली, "हसत न्हाय ती! तिचं तोंड तसं हाय!" असं ओरडली. मी घास तोंडात धरून बसले, चावताही येईना आणि थुंकताही. मामीनं माझ्याकडं पाठ केली.

उत्तम निकाल

डॉक्टरांनी माझे आधीचे आणि नंतरचे फोटो, हसतानाची चित्रफीत, सगळं माझ्या परवानगीनं घेतलं. ओठाचा कोपरा किती सरकतो ते मोजलं. एका परिषदेत दाखवलं आणि नंतर मला फोन करून सांगितलं, "मॅडम, निकाल उत्तम आहे. लोकांनी दोनदा बघायला मागितलं." त्यांच्या आवाजात खरा आनंद होता. मी अभिनंदन केलं. त्यात खोटं काहीच नव्हतं. त्यांनी जे मोजलं ते खरोखर सरकत होतं.

मीही मनाशी ठरवलं होतं. मोठ्या बाईंना फोन केला, येऊन बघते म्हटलं. त्या म्हणाल्या, "या की, शुक्रवारी नुसतं बघून जा. सोमवारपासून अर्धा दिवस मानसीबरोबर बसा. लहान वर्ग तुमचाच आहे." मी इस्त्रीची साडी नेसले. आरशासमोर दात आवळून बघितलं, कोपरा वर गेला.

शिशुवर्ग

मानसी बार्शीची. हात चपळ, चेहरा मोकळा. शुक्रवारी मी मागच्या बाकावर बसले. दूध झालं, मग खेळ सुरू झाला. एका मुलीला शेजारच्याकडचा चेंडू हवा होता. तिनं त्याला विचारलं: देशील?

तिची डावी भुवई चढली. उजवी बाजू तशीच राहिली, झोपल्यासारखी. ओठाचा उजवा कोपरा तिनं खाली सोडला होता.

मुलानं उत्तर दिलं आणि उलट विचारलं: मग मला गाडी? डावी भुवई वर. उजवा गाल मेलेला. त्याच्या मागच्या मुलानंही तसंच विचारलं.

"मॅडम, ही पाच-सहा मुलं अशीच विचारतात," मानसी म्हणाली. "मी दोन्ही भुवया करून दाखवते, तर त्यांना तो दुसराच शब्द वाटतो. किती केलं तरी सवय जाईना, कुठून उचललंय कोण जाणे..." आणि तिनं जीभ चावली.

मी शेक संपवून परत आले होते, ती त्या वर्षीची नवी मुलं होती. त्यांनी माझं आधीचं तोंड पाहिलंच नव्हतं. घरी भाषा नाही, कानात आवाज नाही, कुणीतरी पहिल्यांदा काहीतरी देत होतं, ते त्यांनी जसंच्या तसं घेतलं होतं. निरोगी गोल गालांची पोरं माझा आजार करून एकमेकांना चेंडू मागत होती. मला तिथं बसवेना. मी मानसीला खुणेनंच सांगितलं, पाणी पिऊन येते.

मधली सुट्टी झाली होती. बाई सोमवारपासून येणार, हे शाळाभर झालेलं होतं. पायरीवर अश्विनीनं गाठलं. आता ती वरच्या वर्गात, दात पडलेले, वेण्या लांब. ती काही माझ्याकडून अर्धं तोंड शिकली नव्हती, तिला पूर्ण येत होतं; मानसीशी, आईशी ती दोन्ही भुवया उचलून बोलते. ती माझ्यासमोर उभी राहिली, माझ्या चेहऱ्याकडं बघितलं, विचार केला. मग उजवा तळहात स्वतःच्या उजव्या गालावर आणि भुवईवर घट्ट दाबून धरला, ती बाजू हलू नये म्हणून. माझ्याशी माझ्या बोलीत बोलायला. उरलेल्या एका हातानं आणि एका भुवईनं तिनं विचारलं:

सोमवारी येणार?

मला प्रश्न कळला. मी वर्गाच्या दाराकडं बघितलं. आत पोरं खेळत होती.

नाही म्हणायला भुवई लागत नाही, ओठ लागत नाही. नुसती मान लागते. मी मान हलवली, आणि तिला ते लगेच कळलं.